पोरगा धरतो की सोडतो

हे मी कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवळात देवीसमोर उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती तर ही वेळ आली असती काय?

माझी बायको हिरा गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं वाडीमागच्या खळ्यात बोंबील बांधत होतो. तुम्ही कधी पाहिले नसतील तर सांगतो — बांबू उभे करून त्यांना दोर ताणतात नि त्या दोरांवर बोंबील सुकत टाकतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, की जोडी होते. मग ती जोडी दोरावर टाकायची, एक इकडं लोंबतो, एक तिकडं. हिराचा हात यात असा चालायचा की बघताना डोळा मागं राहायचा. माझा नाही. मी बोटीवरचा माणूस, हे बायकांचं काम मी म्हातारपणी शिकलो. माझ्या जोड्या सुटायच्या नि मासा वाळूत पडायचा.

"एवढा तांडेल झाला, पन एक बोंबील याच्या हातात ठरंल तर शप्पत," ती शेजारणीला ऐकू जाईल असं बोलली. शेजारीण हसली. मीही हसलो. वारा बरा होता. कावळे हाकलायला ती मधूनच काठी आपटत होती.

मग शेजारीण घरी गेली, नि हिरा खाली मान घालूनच बोलली, "अवो, एक इचारू? दोर सोडनाऱ्याचं हात सोलतात काय?"

मला लगेच कळलं. तुम्हाला कळणार नाही म्हणून सांगतो. ती आमच्या नातवाबद्दल विचारत होती — हर्षलबद्दल. तीनेक वर्षांपूर्वी माझ्या बोटीवर जाळ्याचा दोर हातातून गेला, जाळं समुद्रानं नेलं, नि माझ्या शब्दावरनं सगळ्या गावात झालं की पोरानं दोर सोडला. त्या दिवशी पोराचे दोन्ही तळवे सोलवटून निघाले होते. तेल-हळद हिरानं लावली होती. म्हणजे ज्या संध्याकाळी तिनं ते हात बघितले त्या संध्याकाळपासून हा सवाल तिच्या पोटात होता, नि तो विचारायला तिनं इतकी वर्षं घेतली.

मी काय बोललो? "सुटताना घासला असंल."

"हां," ती बोलली. नि पुढची जोडी अडकवली.

सकाळी ती उठली नाही.

आता मागनं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा एका दोरासाठी काय रडतोय. मी चौथी शिकलेला. वाचता येतं, लिहिताना जोडाक्षरं अडतात. पण आमच्या कोळीवाड्यात माझ्या शब्दाला जी किंमत होती ती शिकलेल्यांना नव्हती. का? कारण मी तांडेल — बोटीचा म्होरक्या. आमच्यात एक रीत आहे. एखादा खलाशी एक बोट सोडून दुसऱ्या बोटीवर जायला निघाला, की नवा तांडेल जुन्या तांडेलाच्या ओट्यावर येतो. चहा होतो. हवापाण्याचं बोलणं होतं. मग तो एकच विचारतो — "धरतो काय?"

एवढंच. दारू पितो काय, भांडतो काय, हे कुणी विचारत नाही. ते सगळं खपतं. पण पाणी ओढायला लागलं की हा माणूस दोर धरून राहतो की सोडतो, यावर बाकीच्यांचा जीव असतो. जुना तांडेल "धरतो" किंवा "सोडतो" बोलतो. त्यावर उलटा सवाल नसतो. ज्याच्या नावावर "सोडतो" लागलं त्याला या किनाऱ्यावर बोट मिळत नाही. तो कुठं कंपनीत नाहीतर रिक्षावर जातो. आणि या सवालाला तांडेल खोटं उत्तर देत नाही. त्या खलाशानं तांडेलाच्या भावाचा खून केलेला असला तरी देत नाही. मी माझ्या वैऱ्याबद्दलसुद्धा "धरतो" बोललेलो आहे, कारण तो धरायचा.

असा मी. नि हाच मी.

हर्षल माझ्या मुलाचा मुलगा. मुलगा-सून पनवेलकडं, त्याचा ट्रकचा धंदा, घर लहान. पोरगं लहानपणापासून आमच्याकडंच राहिलं. हिरानं त्याला वाढवलं असं बोलणंही कमी पडेल. तो तिला बय म्हणायचा नि ती त्याला राजा. आठवीत गेला तेव्हा तो माझ्या खांद्याला होता, नववीत गेला तेव्हा मी त्याच्या खांद्याला. आमच्या घराण्यात एवढा उंच कुणी नाही. दाराच्या चौकटीला डोकं लागायचं, नि हिरा चौकटीलाच शिव्या द्यायची.

जवळच कंपनीची कॉलनी आहे. तिथं सिमेंटचं मैदान, नि दोन टोकांना खांबावर त्या जाळीच्या कड्या. हा तिथं कुंपणाला नाक लावून बघत बसायचा. तिथले कदम सर — कॉलनीतल्या पोरांना बास्केटबॉल शिकवणारे — त्यांनी एक दिवस त्याला आत बोलावलं, कारण काय तर उंची. बूट नव्हते. अनवाणी खेळला. घरी आला तो पाय भाजलेले नि तोंड असं उजळलेलं की हिरा बोलली, "याला कुनी पोरगी भेटली वाटतं."

घरी सराव करायला कडी नव्हती. हिरानं तिची मासळी विकायची जुनी पाटी घेतली, कोयत्यानं तिचा तळ काढला, नि याला दिली. यानं ती अंगणातल्या माडाला ठोकली. अख्खा वाडा हसला. "हिरे, तुझी म्हावऱ्याची पाटी झाडावर चढली गो! आता म्हावरा काय माडावर इकनार?" हिरा कंबरेवर हात ठेवून बोलायची, "इकीन. तू घ्यायला शिडी घेऊन ये."

तो खेळ मला कळायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. खोटं. मला तो कुणाहीपेक्षा जास्त कळायचा. अलिबागला सामना होता तेव्हा हिरा वाडीतल्या चार बाया घेऊन गेली नि मी मागनं एकटा गेलो, कुणाला न सांगता, नि कडेला उभा राहिलो. मी बघितलं — पोरगा चेंडू बघत नाही. चेंडू हाताला असतो, डोळा सगळ्या मैदानावर असतो. कुठं पाणी मोकळं होणार आहे ते तांडेलाला आधी दिसतं ना? पाणी अजून झालेलं नसतं, पण दिसतं. तसं याला दिसायचं. समोर चार पोरं आडवी, नि हा मान न वळवता चेंडू मागं देतो, नि तिथं बरोबर याचा गडी येतो. ते शिकवून येत नाही. ते माझ्याकडनं आलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं, नि मी काय केलं? घरी येऊन सांगितलं, "तुझा डावा हात मेलेला हाय. नि समोरचा आंगावर आला की बाजूला व्हतोस."

तेही खरं होतं. आज तराजू धरायचाच तर दोन्ही पारडी सांगतो. डावा हात कच्चा. कुणी जोरात येऊन आदळणार असलं तर हा अंग चोरायचा. पाच-सहा गुणांनी मागं पडला की मान खाली, मग कुणी काही बोललं तरी ऐकायचा नाही. धावून धावून शेवटाला श्वास कमी पडायचा. आणि दुसऱ्या पारड्यात — उंची, हाताचा पंजा, उडी, तो डोळा, आणि एक गोष्ट जी मी कधी बोललो नाही: हा स्वतः गुण करायचा तेव्हा हसायचा नाही, दुसऱ्याला चेंडू दिला नि त्यानं केला की हसायचा. सोळा वर्षांच्या पोराचे दोष हे दोष असतात काय? ते वाढीचं काम असतं, अर्धं झालेलं. पण मी ते अर्धं काम त्याला रोज दाखवायचो. जेवताना. जाळं विणताना. माणसांसमोर.

तरी तिथपर्यंत माझा गुन्हा नव्हता. खडूस म्हातारे पुष्कळ असतात.

गुन्हा पाण्यात झाला.

नारळी पुनवेला बोटी पाण्यात गेल्या, नि एक खलाशी आला नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी मी हर्षलला घेतला. बोटीवर आम्ही तिघं. मी, हर्षल, नि मागं इंजिनावर गणू. गणू माझा जुना खलाशी. आम्ही डोल उचलायला गेलो होतो — डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं, समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधलेलं असतं. भरती-ओहोटीचं पाणी फिरायच्या आत उचलावं लागतं. मी उशीर केला. माझीच चूक, अजून थोडं भरू दे म्हणून थांबलो. खांबावरनं दोर मोकळा केला, नि आता ते जाळं धरून होते ते फक्त आमचे दोघांचे हात. दोराला बोटीच्या खुंटीचा एक फेरा द्यायचा असतो. नव्या खलाशाला मी पहिलं तेच शिकवतो. त्या दिवशी मीच दिला नाही. कशाला, एवढं काय ओझं आहे, असं वाटलं.

पाणी फिरलं. वरच्या पावसानं खाडीतनं वाहून आलेला एक ओंडका जाळ्याच्या तोंडात शिरला होता, तो आम्हाला दिसला नव्हता. एकदम असा हिसका बसला की बोट आडवी झाली. मी ओरडलो — "धर!"

आणि मी सोडला.

लिहिलं. एवढी वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात होतं, नि ते एवढंसंच आहे बघा.

हात दुखला म्हणून नाही. घसरला म्हणून नाही. दोर मला बाहेर ओढणार असं वाटलं, नि मी घाबरलो, नि बोटं उघडली. मी उघडली. जन्मभर दुसऱ्यांची बोटं मोजली, नि माझी वेळ आली तेव्हा ती अशी उघडली, जशी कधी काही धरलंच नव्हतं. पोरानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या मागं मी मोकळ्या हातांनी उभा. तो एकटा धरून राहिला. गुडघा फळीला आपटला, तरी धरून. फळीवरनं अर्धा बाहेर गेला, तरी धरून. दोर त्याच्या तळव्यांतनं सरकत होता नि तळव्यांचं कातडं दोराबरोबर जात होतं, नि तो ओरडत होता — "आबा! आबा, या ना!" मी होतो तिथंच होतो. मग दोर संपला. टोक गेलं. जाळं गेलं.

अंग चोरतो म्हणून मी ज्याला हिणवायचो, तो हा पोरगा.

मागनं गणू धावत आला. त्याची पाठ होती, त्यानं काही बघितलं नव्हतं. "कोनी सोडला रं?"

मी बोललो, "पोरानं."

एवढ्या पटकन आलं ते. विचार करून नाही आलं. तयारच होतं जसं. गणूनं कपाळाला हात लावला. हर्षलनं माझ्याकडं परत बघितलं. मला वाटलं आता बोलेल. तो बोलला नाही. त्यानं दोन्ही हात समुद्राच्या पाण्यात बुडवले, नि चुरचुरलं असणार, तरी तोंडातनं आवाज काढला नाही. का नाही बोलला? मला वाचवलं काय त्यानं? की मी त्याचा आबा, नि आबा खोटं बोलत नाही, असं त्यालाही वाटलं, नि क्षणभर त्याला स्वतःचाच भरवसा राहिला नाही? मी विचारलं नाही. विचारायचं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

किनाऱ्यावर गणूनं सांगितलं. गणूनं सांगितलं म्हणून मला परत सांगावं लागलं नाही — असं मी स्वतःला कितीतरी दिवस समजावलं. पण हिरानं घरात विचारलं तेव्हा मी माझ्या तोंडानं सांगितलं. "तुझ्या राजानं दोर सोडला." ती त्याचे हात हळदीनं भरत होती. तिनं ते हात उलटे केले, सुलटे केले. मग परत हळद लावायला लागली. कोळ्याची पोर ती, बापाच्या नि भावांच्या हातांची कातडी बघत मोठी झालेली. तिला काय ठाऊक नव्हतं?

दिवाळीच्या सुमाराला कदम सर आमच्या ओट्यावर आले. बरोबर दुसरे एक सर, चष्मेवाले, पुण्याकडच्या खेळाच्या वसतिगृहातले. तिथं पोरांना ठेवून घेतात, शिकवतात, खेळवतात. तिथनं पोरं राज्याकडनं खेळायला जातात. जागा एकच उरली होती. त्यांनी हर्षलला तीन वेळा खेळताना बघितला होता, नि दोघांचं जमत नव्हतं. पोरगा तेव्हा कॉलनीतच होता. हे दोघं माझ्यासमोर असे भांडले जसे मी भिंत आहे.

"उंची मान्य," चष्मेवाले बोलले. "पण उंचीचं करायचं काय? समोरचा अंगावर आला की वळतो हा."

"वळतो कारण त्याला पास दिसतो, सर. तुम्हाला-मला दिसत नाही."

"आणि डावा हात?"

"सहा महिन्यांत करतो."

"हरायला लागलं की पडणारी मान? तीपण तुम्हीच वर धरणार?"

"धरीन की," कदम सर चिडून बोलले. "तुमची उंच आहे, माझा हात पोचणार नाही. त्याची धरीन." चष्मेवाले हसले. माणूस वाईट नव्हता. त्यानं कप खाली ठेवला नि माझ्याकडं वळला.

"हे बघा तांडेल, उणिवा काढणं हे माझं कामच आहे. हात शिकवता येतो, दम वाढवता येतो. एकच गोष्ट मला शिकवता येत नाही. शेवटची पाच मिनिटं, सगळं अंगावर आलेलं — तेव्हा हा टिकून राहतो की सोडून देतो? मैदानावर ते मला नीट कळलं नाही. तुम्ही याला पाण्यात नेता. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

बघा. आमच्या रीतीतला तोच सवाल, नि विचारणारा पुण्याचा. त्याला आमची रीत माहीतही नव्हती.

दारात हिरा उभी होती, दुसऱ्या चहाचं ताट घेऊन. मी तिच्याकडं बघितलं नाही, पण ती उभी आहे हे मला पाठीला कळत होतं. "धरतो" बोललो असतो तर? सर उठून गेले असते, पोराचं भलं झालं असतं, नि मग हिरानं मला विचारलं असतं — मग त्या दिवशी कोनी सोडला? एकच सवाल. नि बोटीवर तिघंच होतो. गणू इंजिनावर.

लोक म्हणतात म्हाताऱ्याला बोटीवर हात पाहिजे होता म्हणून पोराला जाऊ दिलं नाही. खलाशी मिळत नाहीत हे खरं, नि लोकांनी तसं म्हणावं हे मला बरंच वाटायचं. त्यात निदान पोट तरी होतं. खरं कारण पोटाचं नव्हतं. माझी टोपी सरळ राहावी एवढंच होतं.

"सोडतो," मी बोललो.

कदम सर पुढं सरकले. "काय म्हणता आजोबा?"

"दोर सोडतो. जाळं गेलं माझं. गावाला म्हायती हाय, कुनालाबी इचारा."

मग चष्मेवाले सर उठले, त्यांनी माझ्यासमोर हात जोडले नि बोलले, "स्वतःच्या नातवाबद्दल एवढं खरं सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता." असं बोलले ते. नि मी — मी मान हलवली. जसं काही, हो, आहे मी तसा.

हिरानं ताट ओट्यावर ठेवलं. कपातला चहा ताटात सांडलेला होता.

पोराला कदम सरांनी सांगितलं असणार. तो अंधार पडायच्या आत घरी आला, हातपाय धुतले, जेवला. माझ्या ताटात मीठ वाढायचं राहिलं होतं, ते त्यानं वाढलं. त्यानंतर कॉलनीत गेला नाही. कदम सर दोनदा बोलवायला आले, हा दोन्ही वेळा घरात असून बाहेर आला नाही. बारावी झाली. दुसऱ्या बोटीवर जावं म्हणून त्यानं एकदा वाडीतल्या एका तांडेलाकडं शब्द टाकला. त्या तांडेलानं मला विचारलंच नाही. विचारायची गरज उरली नव्हती. त्यानं एकदा तरी माझ्यावर ओरडायला पाहिजे होतं — नाही, हे मी खोडतो. हे त्याच्यावर ढकलणं झालं.

आता तो मांडव्याला जेटीवर आहे. मुंबईहून फेरी येते, तिचा दोर झेलून खुंटीला बांधायचा, माणसं उतरवायची, परत सोडवायचा. मी एकदा बाजाराच्या निमित्तानं गेलो होतो. वारा सुटलेला, फेरी धक्क्याला लागत नव्हती, वर-खाली होत होती. दोर फेकला. त्यानं हवेतच झेलला, खुंटीला फेरा मारला नि मागं असा झुकला की त्याचं सगळं अंग त्या दोराला. उतरणारी मुंबईची माणसं फोनवर बोलत पुढं गेली. मी तिकिटाच्या खिडकीमागं उभा होतो. त्याला भेटलो नाही. घरी येऊन हिराला सांगितलं, "पोरगा बरा हाय." ती बोलली, "त्याला काय झालंय?" तेव्हा मला वाटलं ती सहज बोलली.

आता ती सकाळ.

हिरा उठली नाही हे मला चहा मागितल्यावर कळलं. हलवून बघितलं. मग शेजारणीला हाक मारली. बाया जमल्या. मुलाला फोन लागला, तो पनवेलहून निघाला. पण सगळ्यात आधी हर्षल आला, कुणाच्यातरी मोटारसायकलवर, जेटीच्याच कपड्यांत. तो तिच्या पायाशी बसला. पुष्कळ वेळ बसला. रडला नाही. तिचा पदर नीट केला. ओट्यावर गणू होता, मच्छीमार सोसायटीची माणसं होती, दोघे-तिघे तांडेल होते.

मग तो माझ्याकडं वळला, नि आवाज खाली ठेवून विचारलं, "आबा, बय काल काय बोलली? माझं काय बोलली काय?"

त्याला काय विचारायचं होतं मला माहीत होतं. बय जाताना आपल्याला काय समजून गेली — एवढंच त्याला पाहिजे होतं. नि ते माझ्याकडं होतं. जगात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. तिनं ओळखलं होतं. तिनं तुझे हात बघितले त्याच दिवशी ओळखलं होतं, राजा. एवढंच बोलायचं होतं. मोठ्यानं बोलायचीही गरज नव्हती, ओट्यावर ऐकू गेलं नसतं.

"न्हाय," मी बोललो. "तुजं काय न्हाय बोलली."

तो "बरं" बोलला. मग उठला नि तिला न्यायचे बांबू बघायला बाहेर गेला. मी टोपी घातली, ओट्यावर जाऊन बसलो, नि आलेल्या माणसांचे नमस्कार घेत राहिलो.